चुकीच्या चिठ्ठीची गोष्ट

संग्रहालयातील प्रत्येक पक्ष्याच्या पायाला एक चिठ्ठी बांधलेली असते. पक्षी कोठे, केव्हा आणि कोणी मिळवला, हे तिच्यावर लिहिलेले असते. एवढ्याशा मजकुराचे मोल किती, ते रानपिंगळ्याच्या इतिहासावरून कळते.

रानपिंगळा हे एक लहान घुबड. ब्लेविट यांना ते १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडातील फुलझर भागात मिळाले. पुढल्याच वर्षी ॲलन ह्यूम यांनी त्याला शास्त्रीय नाव दिले. नंतर जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने पश्चिम खानदेशात, तळोदा-शहाद्याच्या परिसरात, त्याचे आणखी नमुने जमवले. त्यांतला शेवटचा १८८४ मधला.

यानंतरची एकच नोंद होती : गुजरातेतील मांडवी, १९१४. नमुना देणारे होते नामांकित पक्षितज्ज्ञ कर्नल माइनर्टझहागेन. त्यामुळे शंका घेण्याचे कोणाला कारण नव्हते. पुढे अनेकांनी शोध घेतला, पण पक्षी सापडेना. तो नामशेष झाला असावा, असे वाटू लागले.

१९९० च्या दशकात पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी हे नमुने क्ष-किरणांखाली तपासले. १९१४ चा पक्षी उसवून पुन्हा भरलेला निघाला. मूळ भरणी डेव्हिडसनच्या हातची होती! ब्रिटनमधील संग्रहालयातून त्याचाच एक नमुना चोरून त्याला नवी चिठ्ठी बांधली होती.

खोटी नोंद वगळताच खरी ठिकाणे उरली. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी आधी पूर्वेकडे शोध घेतला. तेथे यश आले नाही. मग ते शहाद्याजवळ आले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळच्या उन्हात झाडावर बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. मधे ११३ वर्षे गेली होती.

हे घुबड दिवसा वावरते, निष्पर्ण फांदीवरून सरडे आणि उंदीर टिपते, जुन्या झाडाच्या ढोलीत घरटे करते. त्याला म्हातारी झाडे असलेले रान हवे. पण या शतकभरात खानदेशच्या सपाटीवरील रान शेतीखाली गेले. जो पक्षी संपला असे आपण मानतो, त्याच्या रानासाठी कोण भांडणार?

पुढे तो तोरणमाळ, मेळघाट आणि २०१४ मध्ये तानसा येथेही आढळला. २०१८ मध्ये त्याची गणना 'अतिसंकटग्रस्त'ऐवजी 'संकटग्रस्त' पक्ष्यांत झाली. मात्र याचा अर्थ पक्षी वाढले असा नव्हे. आपली माहिती वाढली.

शाळेत पक्ष्यांची नोंदवही ठेवत असाल, तर विद्यार्थ्यांना हे जरूर सांगावे. तारीख, ठिकाण आणि पाहणाऱ्याचे नाव लिहावे. खात्री नसेल तर 'ओळखता आला नाही' असेच लिहावे. ती नोंदही उद्या कोणाला उपयोगी पडेल. खोटी मात्र वाट चुकवील.