चुकवण्याची सवड : वाहनयुद्धाच्या खेळांच्या अभ्यासाची प्रस्तावना

जालना जिल्ह्याच्या उत्तरेला, भोकरदन-जाफराबादच्या पट्ट्यात, केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात आसई हे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी इथे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजेशी आर्थर वेलस्लीच्या इंग्रजी फौजेची गाठ पडली. व्हिडिओ गेमच्या अभ्यासाची प्रस्तावना या लढाईपासून का सुरू करायची, याचं उत्तर बैलांमध्ये आहे. वेलस्लीच्या तोफा बैल ओढत होते. शिंद्यांच्या गोलंदाजांनी ते बैल आणि सोबतचे तोफची इतके टिपले की तोफा पायदळाबरोबर पुढे सरकेनात. नळ्या शाबूत, दारूगोळा शाबूत, पण हत्यार जागेवर खिळलेलं. वेलस्लीने तोफा मागेच सोडल्या आणि पायदळाला संगिनी रोखून चालतं केलं.

हत्यार, ते वाहणारं वाहन आणि त्या वाहनाची हालचाल या तिघांचा हिशेब एकत्र मांडणं, हाच आपल्या अभ्यासाचा विषय. त्याची सामग्री म्हणजे १९८३चा ‘स्पाय हंटर’, १९९५चा ‘ट्विस्टेड मेटल’, ‘मारिओ कार्ट’ची मालिका आणि अलीकडचे रणगाड्यांचे ऑनलाइन खेळ. नावं परकी वाटली तरी बिचकू नका. टीव्हीला जोडायच्या कॅसेटवाल्या गेमवर ज्यांनी ‘बॅटल सिटी’चे रणगाडे हाकले आणि सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून ‘रोड रॅश’मध्ये शेजारच्या बाइकवाल्याच्या हातातला सोटा हिसकावला, त्यांची या विषयाची मुळाक्षरं केव्हाच गिरवून झाली आहेत.

‘बॅटल सिटी’चंच घ्या. १९८५चा हा खेळ दिसायला पोरकट, पण सुरुवातीच्या रणगाड्याला त्यात एका वेळी एकच गोळी झाडता येते. ती कशावर तरी आदळेपर्यंत दुसरी निघत नाही. म्हणजे लांबून झाडलेली गोळी चुकली की तेवढा वेळ तुम्ही निःशस्त्र. जवळ गेलात तर गोळ्या भराभर सुटतात, पण समोरच्याची गोळी चुकवायला सवड उरत नाही. शिवाय समोरून येणारी गोळी आपल्या गोळीने अडवता येते. कुठलाही तक्ता न दाखवता एवढ्या दोन-तीन नियमांवर खेळ तोललेला आहे. मला तो आजही अनेक महागड्या खेळांपेक्षा शहाणा वाटतो.

आता थोडं गणित, शाळेतल्या भौतिकशास्त्राएवढंच. समजा ६० मीटरवरून क्षेपणास्त्र सुटलं आणि त्याचा वेग सेकंदाला ६० मीटर आहे. पोचायला एक सेकंद. त्यातला पाव सेकंद माणसाला पाहून हात हलवण्यात जातो. उरलेल्या पाऊण सेकंदात दोन मीटर रुंदीची गाडी एक मीटर बाजूला सरकली पाहिजे. त्यासाठी सुमारे ३.६ मीटर प्रतिसेकंद वर्ग इतकं त्वरण लागतं आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर साध्या मोटारीचे टायरही एवढं देतात. आता तेच क्षेपणास्त्र ३० मीटरवरून सोडा. हातात पाव सेकंद उरतो आणि लागणारं त्वरण होतं ३२, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या तिपटीहून जास्त. अंतर निम्मं झालं आणि चुकवणं नऊपट अवघड झालं. क्षेपणास्त्राचा दणका यात कुठेच आलेला नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की हत्यारांचा समतोल साधताना आधी पाहायचं ते समोरच्याला मिळणारी सवड. दणक्याचे आकडे त्यानंतर.

गाडीची आणखी एक अडचण आहे. माणूस उभ्या जागेवरून बाजूला उडी मारतो. चाकांच्या गाडीला ते जमत नाही. तिला बाजूला जायचं तर आधी पुढे जात असावं लागतं. थांबलेल्या गाडीला स्टिअरिंगचा उपयोग शून्य. त्यामुळे पायी लढायच्या खेळांत चुकवणं ही क्षणाची करामत असते, तर वाहनयुद्धात ती आधीपासून राखून ठेवलेल्या वेगातून येते. आसईतल्या बैलांचं मोल ते हेच.

पाठलाग करणाऱ्या क्षेपणास्त्रांचा नियम समजायला खो-खो पुरेसा आहे. पाठलाग करणारा गडी एकदा ज्या खांबाच्या दिशेने निघाला, त्याला मध्येच उलटं फिरता येत नाही आणि बसलेल्या गड्यांच्या मधून आरपारही जाता येत नाही. पळणाऱ्याला दोन्ही मुभा. हे बंधन काढलं तर पळती काही क्षणांत आटोपेल. ‘ट्विस्टेड मेटल’मध्येही हीच वाटणी आहे : मागे लागणारं ‘होमिंग’ क्षेपणास्त्र कमी इजा करतं, नाकासमोर जाणारं ‘पॉवर’ सर्वांत जास्त, आणि ‘फायर’ दोघांच्या मध्ये. ज्याला नेमाची गरज कमी, त्याचा दणका कमी. अशा क्षेपणास्त्राचा वेग वाढवला आणि वळण्याचा दर तोच ठेवला, तर त्याचं वळण मोठं होतं. मग शेवटच्या क्षणी कट मारणारा चालक सुटतो आणि घाबरून आधीच वळणारा सापडतो.

याच खेळातल्या मिस्टर ग्रिमकडे मोटारसायकल आहे. कवच पातळ, खास हत्यार मात्र भयंकर. कागदावर त्याचा हिशेब कसा मांडायचा? इथे फ्रेडरिक लँचेस्टरचं नाव येतं. हा मोटारगाड्या बनवणारा इंग्रज इंजिनीअर. १९१६च्या त्याच्या विमानयुद्धावरच्या पुस्तकात एक वर्गनियम आहे. दोन्हीकडच्या प्रत्येकाला समोरच्या कुणावरही मारा करता येत असेल, तर फौजेचं बळ संख्येच्या वर्गाप्रमाणे वाढतं. दोघांशी बरोबरी करायला एकट्याचा मारा आणि टिकाव यांचा गुणाकार चौपट हवा. खेळ घडवणाऱ्यांना हे सूत्र फार आवडतं. पण त्यात नेम लागण्याचं प्रमाण ठरलेलं धरलं आहे, आणि आपल्या विषयात नेमकं तेच चालकागणिक आणि अंतरागणिक बदलतं. ग्रिम नवख्याच्या हाती लगेच मरतो, मुरलेल्याच्या हाती सापडत नाही. मग त्याला दुबळा म्हणायचं की वरचढ?

इथे आसईकडे पुन्हा वळावं लागतं. मराठ्यांनी चपळ घोडदळाचा गनिमी कावा सोडून जड तोफखाना आणि कवायती पायदळ धरलं, म्हणून ते हरले, असं आपण ऐकत आलो आहोत. लढाईचा तपशील या निष्कर्षाला साथ देत नाही. वेलस्लीने पिंपळगावजवळ केळना ओलांडून बगलेवर यायचं ठरवलं, तेव्हा शिंद्यांच्या कवायती पलटणींचा हॅनोव्हरकडचा सेनापती पोलमन याने अख्खी फळी वळवून त्याच्यासमोर आणली. हुलकावणी फुकट गेली. तोफांनी इंग्रजांचे दीड हजारांहून अधिक लोक पाडले किंवा जखमी केले. भलतीकडे, थेट आसई गावाच्या तोंडावर गेलेली ७४वी पलटण तर जवळजवळ संपलीच. रँडॉल्फ कूपरने २००३ साली या युद्धावर लिहिताना मराठी तोफखान्याचा दर्जा दाखवून दिला आणि पराभवाची कारणं पैसा, पगार आणि फोडले गेलेले युरोपीय अधिकारी यांत शोधली. मला ते पटतं.

आजच्या खेळनिर्मात्याची फसगत याच जातीची असते. त्याच्याकडे लाखो सामन्यांची नोंद असते. एखाद्या तोफेच्या वाट्याला पराभव जास्त दिसले की तो तिचा मारा वाढवतो. पण ती तोफ निवडतं कोण? बहुधा नवखे, कारण ती मोठी दिसते. मारा वाढला की जाणते खेळाडू तिच्याकडे वळतात आणि महिन्याभरात बाकीची हत्यारं धूळ खात पडतात. हरलेल्याच्या हातात काय होतं, यावरून हत्याराची किंमत ठरवता येत नाही. ती ठरवायची तर तेच हत्यार निरनिराळ्या हातांत, निरनिराळ्या अंतरांवर, चालत्या आणि थांबलेल्या गाडीवर तपासावं लागतं.

या कामाला प्रयोगशाळा लागत नाही. दोन कंट्रोलर, मोबाइलवर केलेलं चित्रण आणि ते एकेक चौकट पुढे सरकवून पाहायची चिकाटी असली की झालं. मराठीत या विषयावर लेखन तुटपुंजं आहे, त्यामुळे पहिल्या नोंदी करणाऱ्याला रान मोकळं आहे. सुरुवात ‘बॅटल सिटी’पासून करा. गोळीचा वेग चौकटी मोजून काढा, रणगाड्याचा वेगही तसाच काढा, आणि किती अंतराच्या आत गोळी चुकवता येत नाही ती रेघ नकाशावर आखा. पुढच्या प्रकरणात हीच रेघ ‘रोड रॅश’च्या बाइकभोवती काढायची आहे; तिथे रस्ता वळतो, आणि समोरून गाड्याही येतात.