जुन्या यंत्राला नवे नियंत्रण : संख्यात्मक नियंत्रणाचा आरंभकाळ

संगणक-नियंत्रित मिलिंग यंत्राचा इतिहास एका जुन्या यंत्राच्या रूपांतरापासून सुरू होतो. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील ट्रॅव्हर्स सिटी येथे जॉन पार्सन्स हे हेलिकॉप्टरची पाती तयार करीत असत. पात्यांचा आकार तपासण्याच्या साच्यांचा वक्र हाताने अचूक उतरत नसे. सहकारी फ्रँक स्टुलेन यांनी छिद्रित कार्डांवर चालणाऱ्या गणनयंत्राच्या साहाय्याने त्या वक्रावरील २०० बिंदूंची स्थाने काढून दिली. एक जण आकडे वाचून दाखवी आणि दोन कारागीर दोन अक्षांची हातचाके त्यानुसार फिरवीत. संख्यात्मक नियंत्रणाची कल्पना येथेच साकार झाली होती. उरला होता तो कारागिराचा हात.

१९४९ मध्ये अमेरिकी हवाई दलाकडून पार्सन्स यांना कंत्राट मिळाले व त्यांनी एम.आय.टी.च्या सर्व्होमेकॅनिझम प्रयोगशाळेचे साहाय्य घेतले. तेथे सिनसिनाटी कंपनीच्या 'हायड्रोटेल' यंत्राच्या तिन्ही अक्षांना मोटारी जोडण्यात आल्या. सात रांगांच्या छिद्रित कागदी फितीवरून आज्ञा वाचल्या जात. प्रत्यक्ष हालचालीची माहिती नियंत्रकाकडे परत येई आणि तफावत आपोआप भरून निघे. प्रत्येक स्पंदाबरोबर ०.०००५ इंच सरक होई. नियंत्रणाच्या कपाटांनी जवळजवळ यंत्राइतकीच जागा व्यापली होती. सप्टेंबर १९५२ मध्ये त्याचे जाहीर प्रात्यक्षिक झाले.

स्पिंडलचा प्रश्न निराळा होता. वीज तोडल्यावरही स्पिंडल काही काळ फिरतच राहतो. कारागीर डोळ्यांनी पाहून थांबतो. आज्ञावलीला ते दिसत नाही. म्हणून पुढील काळातील रूपांतरांत स्पिंडलला गतिरोधनाची जोड देण्यात येऊ लागली. मोटारीच्या स्थिर वेटोळ्यांत एकदिश प्रवाह सोडून फिरता भाग रोखणे, हा त्याचा एक परिचित उपाय होय.

कारागिराच्या हालचाली फितीवर टिपून त्या पुन्हा वठविणारी पद्धतही त्याच सुमारास उपलब्ध होती. ती मागे पडण्यामागे व्यवस्थापनाची नियंत्रणाची आकांक्षा होती, असे डेव्हिड नोबल यांनी 'फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन' (१९८४) या ग्रंथात प्रतिपादन केले. हे मत विचारार्ह असले तरी काहीसे एकांगी वाटते; पात्याचा जो वक्र हाताला साधत नव्हता, तो हाताच्याच हालचाली टिपून कसा साधणार?

श्रेयाचा वाद मात्र खराच. प्रकल्पाची सूत्रे क्रमाने एम.आय.टी.कडे गेली. पार्सन्स यांनी मे १९५२ मध्ये एकस्वासाठी अर्ज केला, एम.आय.टी.च्या अभियंत्यांचा स्वतंत्र अर्ज त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दाखल झाला. पार्सन्स यांना एकस्व जानेवारी १९५८ मध्ये, तर स्टुलेन यांच्यासह राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक १९८५ मध्ये मिळाले.