चिंच, राख आणि रिठे

दिवाळी जवळ आली, की तांब्यापितळेची भांडी चिंचेने लखलखू लागतात. ही युक्ती आजीची खरी. पण तिचे वय आजीहून फार मोठे! तांबे क्षाराने, आंबटाने व पाण्याने, तर लोकरी कांबळे रिठ्याने शुद्ध करावे, असे याज्ञवल्क्यस्मृतीत सांगितले आहे. रसायनशास्त्रही त्याला दुजोराच देते. चिंचेतील आम्ल तांब्यावरचा काळपट थर विरघळवते; राखेतील क्षार तेलकटपणाचाच थोडा साबण करून टाकतो.

१९६९ साली अहमदाबादेत निरमा निघाला, धुण्याची स्वस्त पूड घरोघर पोचली आणि रिठे मागे पडले. स्मृतिकारांनी नियम लिहिला. परंतु तो शतकानुशतके जिवंत ठेवला, तो राखेने बोटांना भेगा पडेपर्यंत भांडी घासणाऱ्या बायकांनी. त्यांची नावे मात्र कोणत्याच ग्रंथात नाहीत.