माती धुतल्यावर काय उरतं?

वालीवमध्ये राहणाऱ्याला खाऱ्या पाण्याबद्दल वेगळं सांगायला नको. नळाचं पाणी कमी पडलं की टँकर, नाहीतर बोअर. मग बादलीला पांढरा थर, गीझरच्या कॉइलला पांढरा थर आणि गॅलरीतल्या कुंड्यांच्या काठालाही तोच. कुंडीसाठी उपाय ठरलेला आहे: कुंडीच्या दोन-तीन पट गोडं पाणी सावकाश ओतायचं आणि साचलेले क्षार खालच्या भोकातून जाऊ द्यायचे. याला फ्लशिंग म्हणतात. कॅनडात २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे, तिथे कुंडीत तो लावणाऱ्यांच्या तोंडी हा शब्द कायम असतो. (आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली परवान्याशिवाय लागवड हा गुन्हा आहे, त्यामुळे आपण कढीपत्त्यावरच राहू!)

गंमत पुढे आहे. क्षार जातात, आणि आठ-दहा दिवसांनी झाड पिवळं पडायला लागतं. आमच्या कढीपत्त्यानं तेच केलं. आई म्हणाली, "धुतलंस ते बरं केलंस, पण आता त्याच्या पोटात काही उरलंय का?"

प्रश्न अगदी नेमका आहे, आणि तो पावणेदोनशे वर्षं जुना आहे.

१८४० मध्ये युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं शेतीच्या रसायनशास्त्रावर पुस्तक लिहून खळबळ उडवली. झाड मातीतून खनिजं घेतं, ती परत द्या, असा त्याचा मुद्दा. १८४५ च्या सुमारास त्यानं इंग्लंडमध्ये स्वतःचं पेटंट खतही आणलं. पण त्याला भीती होती, की पावसानं पोटॅश वाहून जाईल. म्हणून त्यानं खत भट्टीत वितळवून जवळजवळ न विरघळणारं केलं. झालं काय, तर पाण्यात विरघळेना म्हणून मुळांनाही मिळेना! खत साफ आपटलं.

भीती किती खरी होती? याचं उत्तर १८५० मध्ये जॉन थॉमस वे या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं दिलं. त्याच्या आधी थॉम्पसन नावाच्या यॉर्कशायरच्या जमीनदारानं मातीतून अमोनियम सल्फेटचं पाणी गाळून पाहिलं होतं. वर अमोनिया ओतला आणि खाली आलं जिप्सम! वे यानं हे पद्धतशीर तपासलं. माती अमोनिया आणि पोटॅश धरून ठेवते, आणि बदल्यात चुना सोडते. पण नायट्रेट आणि क्लोराइड ती धरत नाही, ते सरळ पाण्याबरोबर निघून जातात. आज घरोघरी जे वॉटर सॉफ्टनर असतात, ते याच अदलाबदलीच्या तत्त्वावर चालतात.

मग १८६० च्या दशकात ऑगस्टस फोल्कर यांनी रॉथॅमस्टेडच्या गव्हाच्या शेताखालच्या नळांतून झिरपणारं पाणी तपासलं. त्यात नायट्रेट भरपूर, पोटॅश आणि फॉस्फेट नावाला. म्हणजे धुतल्यावर सगळं सारखं जात नाही. नत्र आधी जातं.

आता आपल्याकडे येऊ. १८८० च्या दशकात नीरा डावा कालवा सुरू झाला. बारामतीकडच्या कोरड्या शेतांना पाणी मिळालं, ऊस आला, पैसा आला. आणि काही वर्षांतच सखल जमिनींवर पांढरा थर फुलायला लागला. १९१० मध्ये पुण्याच्या शेती महाविद्यालयाचे हॅरल्ड मॅन आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर पुस्तिका लिहिली. ज्या पाण्यानं जमीन फुलली त्याच पाण्यानं ती पडीक झाली, हे एखाद्या शेतकऱ्याला काय वाटलं असेल! धडा साधा: वरून कितीही पाणी घाला, खाली निचरा नसेल तर क्षार जात नाहीत, उलट वर येतात. कुंडीच्या भोकावर खापरी का ठेवायची, ते इथे कळतं.

आमच्या किनाऱ्यावर गोष्ट उलटी आहे. खाडीकाठच्या खार जमिनी बांध घालून आणि उघाडी बसवून मिळवलेल्या. पावसाळ्यात कोकणचा दोन-तीन हजार मिलिमीटर पाऊस मीठ धुऊन टाकतो, तेव्हा कुठे भात लागतो. बांध फुटला तर भरतीचं पाणी आत, आणि वर्ष वाया. या बांधांसाठी १९४८ मध्ये मुंबई प्रांतात खार जमिनींचा कायदा झाला, पुढे १९७९ मध्ये महाराष्ट्राचा. पण जो पाऊस मीठ नेतो तोच नत्रही नेतो. यावर कोकणात वापरात आलेला उपाय मला फार आवडतो: युरिया-डीएपीच्या ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेल्या गोळ्या. चार चुडांच्या मध्ये एक गोळी चिखलात खोल दाबायची. तिथे हवा नसते, त्यामुळे नत्र अमोनियाच्या रूपातच राहतं, आणि अमोनियाला माती धरते. वे यानं जे प्रयोगशाळेत पाहिलं, ते इथे पायाखालच्या चिखलात.

तर कढीपत्त्याचं काय करायचं? आधी थांबायचं. माती चिंब असताना मुळांना हवा नसते, खत देऊन उपयोग नाही. वरची इंचभर माती सुकू द्यायची. मग पानं वाचायची. खालची जुनी पानं सगळीकडून पिवळी असतील तर नत्र. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तर मॅग्नेशियम. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह, आणि बोअरच्या जड पाण्यानं हे बऱ्याचदा होतं. नत्रासाठी मूठभर गांडूळखत, किंवा एकोणीस-एकोणीस लिटरला एक ग्रॅम, बस्स. आज भरपूर घालून उद्या पुन्हा क्षार साठवायचे नाहीत. पिवळी पडलेली जुनी पानं बहुतेक पुन्हा हिरवी होत नाहीत, नवीन फूट बघायची.

असो. मुद्दा एवढाच, की धुणं हे अर्धंच काम आहे. काय गेलं आणि काय उरलं याचा हिशेब मांडला की मग थोडं थोडं परत द्यायचं. नीरेच्या काठच्या आणि खाडीकाठच्या लोकांना हा हिशेब अख्ख्या शेताच्या किमतीत शिकावा लागला. आपल्याला तो एका कुंडीत मिळतो, हे नशीबच म्हणायचं.