राजधानी ते काळे पाणी

राजधानीपासून एखादे स्थळ किती दूर आहे, हे मैलांच्या आकड्यावरून पुरते कळत नाही. तेथे जाण्याचे मार्ग किती, त्यांस दिवस किती लागतात आणि त्यांतून निवड करण्याचा अधिकार प्रवाशास आहे की नाही, हेही पाहावे लागते. अंदमान बेटांचा इतिहास या दृष्टीने वाचू लागलो, म्हणजे तो बराचसा वाटांचाच इतिहास आहे असे आम्हांस वाटते.

आरंभी राजधानी स्वतःच बंदर होती. कलकत्त्याच्या धक्क्यावरून निघालेले जहाज हुगळीच्या वळणांतून दोनशे किलोमीटरांहून अधिक अंतर कापी, तेव्हा कोठे त्यास खुला समुद्र लाभे. इ. स. १७८९ मध्ये आर्चिबाल्ड ब्लेअर याने चॅटम बेटावर वसविलेली वसाहत पुढे उत्तरेकडे हलविण्यात आली आणि रोगराईमुळे १७९६ मध्ये मोडली. सत्तावनच्या उठावानंतर कंपनी सरकारास या बेटांची पुन्हा आठवण झाली. ४ मार्च १८५८ रोजी डॉ. जेम्स पॅटिसन वॉकर दोनशे बंदिवानांसह ‘सेमिरामिस’ जहाजाने कलकत्त्याहून निघाला आणि १० मार्च रोजी पोर्ट ब्लेअरला उतरला. सहा दिवसांचा प्रवास! परंतु बंदिवानांचा खरा प्रवास त्याआधीच सुरू झालेला असे. हावड्याहून निघालेला लोहमार्ग १८५५ मध्ये राणीगंजपर्यंत पोहोचला होता. दिल्लीपर्यंतची अखंड वाट अद्याप व्हावयाची होती. अंतर्वेदीतील शिपायास समुद्र दिसण्यापूर्वीच निम्मा देश ओलांडावा लागे.

सत्ताधाऱ्यांनाही दुसरी वाट नव्हती. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो ८ फेब्रुवारी १८७२ रोजी पोर्ट ब्लेअर येथे शेर अली या बंदिवानाच्या हातून मारला गेला, तेव्हा त्याचे शवही समुद्रमार्गेच कलकत्त्यास आणावे लागले. वाट एकच होती. भेद होता तो परतीच्या अधिकाराचा.

महाराष्ट्राचा या वाटेशी संबंध आला तो मद्रासवरून. बंगालचे क्रांतिकारक कलकत्त्याहून गेले. स्वातंत्र्यवीर सावरकरांस मात्र ठाण्याच्या तुरुंगातून आगगाडीने मद्रासला आणि तेथून ‘महाराजा’ या आगबोटीने अंदमानला नेण्यात आले. ४ जुलै १९११ रोजी ते पोर्ट ब्लेअरला पोहोचले. ‘माझी जन्मठेप’ या ग्रंथात त्यांनी या प्रवासाचे वर्णन केले आहे. पन्नास वर्षांची शिक्षा घेऊन जाणाऱ्यास आगबोटीचा वेग विचारण्याचे कारणच काय? त्याच वर्षी १२ डिसेंबर रोजी राजधानी दिल्लीस नेण्याची घोषणा झाली आणि ज्या बेटांवर कलकत्त्याहून थेट जाता येत असे, ती राजधानीपासून आगगाडीच्या एका दीर्घ प्रवासाने आणखी दूर गेली.

हवेतील वाट युद्धाने उघडली. २३ मार्च १९४२ रोजी जपानी फौजा बेटांवर उतरल्या. डिसेंबर १९४३ मध्ये नेताजी सुभाषचंद्र बोस तेथे विमानाने आले. तथापि सामान्य माणसासाठी समुद्रच उरला. १९४९ पासून पूर्व बंगालमधील निर्वासित कुटुंबे कलकत्त्याहूनच आगबोटीत बसली आणि काळ्या पाण्यावर भात पिकवू लागली. जी वाट शिक्षेची होती तीच आसऱ्याची झाली. या वाटेच्या इतिहासातील सर्वांत मोठे स्थित्यंतर आम्हांस हेच वाटते.

आता दिल्लीकराने निवड कशी करावी? कोलकाता लोहमार्गाने सुमारे १४५० किलोमीटर, तर चेन्नई सुमारे २१८० किलोमीटर. पुढे समुद्रमार्गे कोलकात्याहून सुमारे १२५५, विशाखापट्टणमहून १२०० आणि चेन्नईहून ११९० किलोमीटर. म्हणजे समुद्राचे अंतर तिन्हीकडून जवळजवळ सारखेच असल्याने निवड बहुधा आगगाडीच्या सोयीवर ठरते, आणि तेथे १९६९ मध्ये सुरू झालेल्या राजधानी एक्सप्रेसमुळे कोलकात्याचे पारडे जड होते. मात्र कोलकात्याच्या जहाजास नदी आणि भरती-ओहोटी यांचा विचार करावा लागतो. चेन्नईचे जहाज लागलीच खुल्या समुद्रात शिरते. जहाजास सुमारे तीन दिवस लागतात, फेऱ्या मोजक्या असतात आणि पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. कोलकात्याहून वा चेन्नईहून विमान हेच अंतर दोन-सव्वादोन तासांत कापते. एरवी विमानप्रवासास पात्र नसलेल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांसही रजा प्रवास सवलतीखाली अंदमानसाठी विमानाची मुभा वेळोवेळी देण्यात आली आहे. मोजकी रजा घेऊन निघालेल्या आमच्यासारख्यांस विमानच परवडते, हे मान्य केले पाहिजे.

परंतु बेटावर राहणाऱ्यांचा हिशेब निराळा आहे. मुख्य भूमीवर शिकावयास जाणारा मुलगा, सामानसुमानासह निघालेले कुटुंब, तांदळाची पोती, सिमेंट, औषधे यांच्यासाठी जहाज ही हौस नव्हे. फेरी चुकली की पुढच्या फेरीची वाट पाहणे आले. आपल्या कचेऱ्यांतून अंदमानच्या बदलीस अजूनही गमतीने ‘काळे पाणी’ म्हणतात. ज्यांचे घरच तेथे आहे, त्यांच्या कानांवर हा शब्द कसा पडत असेल, याचा विचार बोलणाऱ्याने करावयास हवा. त्यांच्या दृष्टीने दूर आहे ती दिल्ली.

पोर्ट ब्लेअरच्या विमानतळास २००२ मध्ये सावरकरांचे नाव देण्यात आले आणि २०२४ मध्ये त्या शहराचे नाव श्रीविजयपुरम असे झाले. साखळदंड घालून आगबोटीने आणलेल्या कैद्याच्या नावाच्या विमानतळावर आज प्रवासी स्वेच्छेने उतरतो, आणि परतीचे तिकीट त्याच्या खिशात असते. ज्यांस रजेचे चार दिवस अधिक मिळतील त्यांनी निदान एका वेळेस समुद्राने जावे, अशी आमची सूचना आहे. दुसऱ्या दिवशी चोहीकडे पाण्यावाचून काही दिसेनासे झाले, म्हणजे ‘परत येण्याचा हक्क’ या शब्दांचा अर्थ कोणत्याही ग्रंथापेक्षा तेथे अधिक लवकर उमगतो.