गांजा, अफू आणि सरकारी तिजोरी

एमडी पकडल्याची बातमी टाकली की खाली दोन प्रकारच्या कमेंट ठरलेल्या असतात. पहिली, 'सगळ्यांना भर चौकात लटकवा.' दुसरी बहुतेक कॉलेजातल्या पोरांची. 'गांजा लीगल करा, एमडी आपोआप बंद होईल. १९८५ पर्यंत आपल्याकडं सगळं लीगलच होतं, अमेरिकेनं बंद करायला लावलं.'

पहिल्या कमेंटला उत्तर द्यायची गरज नाही. दुसरी मात्र मी सोडून देत नाही. तिच्यात निम्मं खरं आहे, आणि निम्म्या खऱ्यावरच माणसं जास्त फसतात. म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

आधी आपल्या नगरचं. (आता अहिल्यानगर, पण जुन्या कागदांत नगरच सापडेल.) इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यात गांजा पिकवणारे जे मोजके जिल्हे होते, त्यांत नगरचं नाव ठळक होतं. चोरून नव्हे, परवान्यावर. ही शेती सोपीही नव्हती. नर झाडं ओळखून वेळेत उपटावी लागतात. एखादं राहिलं तर मादी झाडाला बी धरतं आणि माल हलका होतो. शेतकरी ते करायचा, माल परवानाधारक व्यापाऱ्याकडं जायचा आणि तिथून मक्त्याच्या दुकानात. आज त्याच पिकासाठी शिरपूरकडं सातपुड्याच्या कुशीत पोलीस डोंगर चढतात आणि उभं पीक उपटून जाळतात.

तेव्हाही वाद होताच. विलायतेत दारूबंदीवाल्यांचा जोर होता. त्यांच्यातले एक खासदार विल्यम केन यांनी मार्च १८९३ मध्ये हाउस ऑफ कॉमन्समध्ये प्रश्न टाकला की हिंदुस्थानात गांजामुळं माणसं वेडी होतात म्हणतात, सरकार काय करतंय? त्यातून इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन नेमलं गेलं. सात सभासद, त्यांत तीन हिंदी, अध्यक्ष मॅकवर्थ यंग. या मंडळींनी वर्षभर देश पालथा घातला. ११९३ जणांच्या साक्षी घेतल्या. डॉक्टर, कलेक्टर, मिशनरी, शेतकरी, बैरागी, कोणी सोडलं नाही. ऑगस्ट १८९४ मध्ये अहवाल आला, तो सात खंडांचा.

त्यातला वेड्यांच्या इस्पितळांचा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण तो खरा पत्रकारितेचा नमुना आहे. १८९२ साली देशभरच्या इस्पितळांत १३४४ रुग्ण दाखल झाले होते. त्यातल्या २२२ जणांच्या नावापुढं कारण म्हणून गांजा-भांग लिहिलेलं. कमिशननं एकेक केस उकरून काढली. कळलं असं की, रुग्णाला आणणाऱ्या पोलिसाला फॉर्मवर 'कारण' हा रकाना भरावाच लागायचा. माणूस अनोळखी, नातेवाईक कोणी नाहीत, मग लिहा गांजा. छाननी झाल्यावर २२२ चे ९८ उरले, म्हणजे सव्वासात टक्क्यांच्या आसपास. त्यातही कित्येकांना दुसरी कारणं होतीच.

कमिशननं 'गांजा निरुपद्रवी' असं म्हटलेलं नाही, हे गांजाप्रेमींनी नीट ऐकावं. अति सेवन घातक, असं त्यांनी स्पष्ट लिहिलंय. माफक सेवनाचे फारसे वाईट परिणाम दिसले नाहीत, आणि सरसकट बंदी घातली तर लोक दारू किंवा धोतऱ्यासारख्या जास्त वाईट गोष्टींकडं वळतील, असं त्यांचं मत पडलं. म्हणून बंदी नको, आवळून धरा. परवान्याशिवाय शेती नको, दुकानं कमी ठेवा, एका माणसाजवळ किती माल असावा याला मर्यादा घाला, आणि कर असा लावा की माल महाग होईल पण चोरट्या मालाचं फावणार नाही. तीन हिंदी सभासदांपैकी दोघांना हे पटलं नाही. त्यांनी वेगळी टिपणं जोडली.

आजचा कुठलाही 'लीगलायझेशन'वाला याहून नवं काही सांगत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याच देशात, आपल्याच लोकांच्या साक्षी घेऊन हे लिहिलं गेलं.

मग प्रश्न उरतो की हे चाललं कसं? इथं जरा कडू भाग येतो.

मुंबई इलाख्यात विक्रीच्या हक्काचा लिलाव व्हायचा. जो जास्त बोली लावेल त्याला मक्ता. आता तुम्हीच सांगा, ज्यानं जास्त पैसे भरून मक्ता घेतला तो माल कमी कसा खपेल याची काळजी करेल काय? बंगालमध्ये वजनावर ठराविक कर होता, ती पद्धत कमिशनला बरी वाटली. पण दोन्हीकडं पैसा शेवटी सरकारच्याच तिजोरीत.

अफूचं तर विचारूच नका. माळव्याची अफू मुंबईच्या बंदरातून चीनला जायची. कंपनी सरकारनं पेटीमागं पासचा पैसा बसवला. तो फार वाढला की व्यापारी कराचीमार्गे दमणला माल न्यायचे. १८४३ मध्ये सिंध इंग्रजांकडं आल्यावर ती वाट बंद झाली आणि पासचा दर चढत गेला. १८४७ पर्यंत पेटीला ४०० रुपये. या व्यापारात नाव काढलेले सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून मुंबईचं जे. जे. हॉस्पिटल उभं राहिलं, ते १८४५ मध्ये. दान मोठं होतं, यात शंका नाही. पैसा कुठला होता, यातही नाही.

आणि तीच अफू घरी काय करत होती? मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बाया तान्ह्या पोराला 'बाळागोळी' चारून झोपवायच्या. गोळीत अफू. आई दहा-दहा तास साच्यावर, पोर चाळीत गुंगीत. १९२० च्या दशकात डॉक्टरांनी यावर लिहिलं तेव्हा बोभाटा झाला. पण अफूचं दुकान सरकारमान्य होतं, हिशेब चोख होता, शिक्का होता. कायदेशीर आणि नियंत्रित म्हणतात ते हेच की.

दारूत वेगळं घडलं नाही. १८७८ चा अबकारी कायदा आला, गावोगावच्या भट्ट्या मोडल्या आणि माल मोठ्या डिस्टिलरीत गेला. ठाणे-कुलाब्याकडं आदिवासी मोहाची फुलं पोटासाठी आणि दारूसाठी वेचायचे. १८९२ मध्ये त्या फुलांवरच कायदा केला, कारण फुलं घरात असली की सरकारी दारू कोण घेणार? पुण्यात दुकानं वाढायला लागली तेव्हा नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनी १८८० मध्येच लेखी हरकत घेतली होती. नियंत्रण म्हणजे काय, तर गरिबाची दारू बंद आणि सरकारची चालू.

या सगळ्याची चीड स्वातंत्र्याच्या चळवळीत होती. त्यामुळं सत्ता आल्यावर बंदी येणार हे ठरलेलंच होतं. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा झाला, मोरारजी देसाईंनी तो नेटानं रेटला. आणि आता ती कमेंट पुन्हा वाचा, '१९८५ पर्यंत सगळं लीगल होतं.' जुन्या मुंबई राज्यात नव्हतं. त्या १९४९ च्या कायद्यात दारूबरोबर गांजा, भांग, चरस, अफू सगळंच आलं. सरकारी गांजाची दुकानं १९८० च्या दशकापर्यंत चालू होती ती दुसऱ्या काही राज्यांत. मराठवाडा तेव्हा हैदराबादेत आणि विदर्भ मध्य प्रदेशात, त्यांची गोष्ट वेगळी. पण नगर-पुणे-नाशिकच्या पोरांनी आजोबांच्या काळातल्या कायदेशीर गांजाच्या गोष्टी सांगू नयेत.

त्या बंदीचं काय झालं हे सगळ्यांना माहीत आहे. हातभट्टी, आंटीचे अड्डे, हप्ते. वरदराजन मुदलियार मोठा झाला तो याच धंद्यावर. पुढं सरकारनं बंदी सैल केली, पण कायदा रद्द केला नाही. आजही तो पुस्तकात दारूबंदी कायदा म्हणूनच आहे आणि विदेशी प्यायला पाच रुपयांचा एक दिवसाचा परवाना लागतो. देशीला दोन रुपये. बारमध्ये तुम्हाला कोणी मागितलाय कधी? असो.

आता १९८५. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही होती आणि गांजा बंद करायला पंचवीस वर्षांची सवलत मिळाली होती, ती संपत आलेली. अमेरिकेचा दबाव होता, हे खरं. पण त्याच वेळी मुंबईत ब्राउन शुगर, म्हणजे आपण ज्याला गर्द म्हणतो, ती पसरली होती. अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या वाटेनं ती आली, आणि एनडीपीएस कायद्याच्या आधी आली. त्यामुळं 'गांजावर बंदी आली म्हणून पोरं गर्दकडं वळली' हे तारखांत बसत नाही. कायदा लागू झाला १४ नोव्हेंबर १९८५ ला. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केलं १९८६ मध्ये, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीवर. तोवर घरंच्या घरं उद्ध्वस्त झालेली होती.

पण कायद्यानं तरी काय साधलं? १९८९ मध्ये दुरुस्ती करून ठराविक गुन्हा दुसऱ्यांदा केला तर फाशी सक्तीची केली. २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती सक्ती घटनाबाह्य ठरवली. २०१९ च्या केंद्राच्या पाहणीत (एम्सनं केलेली) देशात २.१ टक्के लोक अफूजन्य पदार्थ घेणारे निघाले. त्यात हेरॉइनवाले १.१४ टक्के आणि साधी अफू खाणारे ०.५२. जे सौम्य ते मागं पडलं, जे जहाल ते पुढं गेलं. धंदा चोरटा झाला की हे होतंच. पोत्यात लपवण्यापेक्षा पुडीत लपवणं सोपं असतं.

एमडीची कथा तर आणखी बोलकी आहे. मेफेड्रोन फेब्रुवारी २०१५ मध्ये या कायद्याच्या यादीत आलं. त्याआधी काही वर्षं मुंबईत ते 'म्याव म्याव' म्हणून विकलं जात होतं आणि पोलिसांना हात लावता येत नव्हता. म्हणजे बंदीही नाही आणि नियंत्रणही नाही, अशी अवस्था आपण पाहिलीय. पोरं तेव्हाही मरत होती. आणि बंदीनंतर? फेब्रुवारी २०२४ मध्ये कुरकुंभच्या एमआयडीसीत, नगरहून दौंड ओलांडून पुढं गेलं की दिसते तिथंच, कारखान्यात हा माल बनताना सापडला.

परदेशाची उदाहरणं लोक फार फेकतात, म्हणून दोनच वाक्यं. पोर्तुगालनं २००१ मध्ये ड्रग्ज 'लीगल' केले नाहीत. जवळ थोडा माल सापडला तर तुरुंगाऐवजी समितीपुढं पाठवायला सुरुवात केली, विकणारा आजही गुन्हेगारच. थायलंडनं २०२२ मध्ये गांजा मोकळा केला, गल्लोगल्ली दुकानं झाली, आणि २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणला.

माझं मत विचाराल तर एमडी आणि हेरॉइन दुकानात ठेवायच्या मी पूर्ण विरोधात आहे. गांजाबद्दल १८९४ चा अहवाल मला बराचसा पटतो. पण तो राबवणार कोण, इथं मी अडतो. दारूच्या उत्पादन शुल्कातून राज्याला वर्षाला वीस हजार कोटींच्या वर मिळतात. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं ते शुल्क वाढवलं तेव्हा लोकांनी कमी प्यावं असं कोणी म्हटलं नाही, चौदा हजार कोटी जादा येतील असं सांगितलं. आणि कायदेशीर दारू महाग झाली की गरीब माणूस कुठं जातो, ते जून २०१५ मध्ये मालवणीत दिसलं. मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन शंभरावर माणसं गेली, तीही दारूबंदी नसलेल्या मुंबईत. हेच सरकार उद्या गांजाचे परवाने काढणार असेल, तर ते परवाने कोणाच्या मेहुण्याला मिळतील हे आपल्याला आजच ठाऊक आहे.

आपल्याकडं एकच गोष्ट मला वेगळी दिसते, ती म्हणजे आडवी बाटली. गावातल्या निम्म्यापेक्षा जास्त बायांनी मत दिलं तर दारूचं दुकान बंद. तिजोरीला काय वाटतं याला तिथं किंमत नाही. चंद्रपूरला २०१५ मध्ये अख्ख्या जिल्ह्यावर वरून बंदी आली आणि २०२१ मध्ये वरूनच उठली. पण बायांनी मतदानानं बंद केलेलं दुकान पुन्हा उघडणं इतकं सोपं नसतं. गांजाचा परवाना कधी निघालाच, तर त्यावर हा हक्क पहिल्या दिवसापासून हवा, आणि त्यातला पैसा व्यसनमुक्तीखेरीज कुठंही वळवता येऊ नये. या दोन अटी मान्य असलेला एकही नेता मला अजून भेटला नाही.

तोवर कायद्यात आहे तेवढं तरी वापरा. ज्यांच्या घरात हा प्रश्न आहे त्यांच्यासाठी लिहितो. गांजा एक किलोपर्यंत, हेरॉइन पाच ग्रॅम, एमडी दोन ग्रॅम ही कायद्यानं 'अल्प मात्रा' आहे. व्यसनी माणसावर अल्प मात्रेचा किंवा सेवनाचा गुन्हा असेल आणि तो स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घ्यायला तयार असेल, तर एनडीपीएसच्या कलम ६४-अ नुसार त्याच्यावरचा खटला टळू शकतो. उपचार अर्धवट सोडले तर ही सवलत जाते. पोरगं पकडलं गेलं की आईबाप दागिने मोडून जामिनाच्या मागं धावतात. आपल्या वकिलाला आधी या कलमाबद्दल विचारा.