यंत्राने विद्यार्थ्याला लक्षात ठेवले तेव्हा : ट्रिगर आणि व्हेरिएबल यांची कुळकथा

#इतिहास #थ्रेड

१/ अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठ, १९२० चे दशक. टाइपरायटरसारखे दिसणारे एक यंत्र, त्याला चार कळा. विद्यार्थी प्रश्न वाचतो आणि उत्तराची कळ दाबतो. ठरलेल्या संख्येइतकी उत्तरे बरोबर आली, की यंत्रातून लिमलेटसारखी एक गोळी बाहेर पडते. आजच्या ई-लर्निंगमधील ‘ट्रिगर’ आणि ‘व्हेरिएबल’ यांची कुळकथा या गोळीपर्यंत मागे नेता येते.

२/ ट्रिगर म्हणजे ‘अमुक घडले, की तमुक कर’ अशी यंत्राला दिलेली आज्ञा. व्हेरिएबल म्हणजे यंत्राने विद्यार्थ्याविषयी राखलेली, बदलत जाणारी नोंद : चुका किती झाल्या, मदत मागितली का, मागच्या वेळी धडा कोठे थांबला. शालेय बीजगणितात जिला ‘चल’ म्हणतात, तिचीच ही बहीण. ट्रिगर हा यंत्राचा प्रतिसाद, तर व्हेरिएबल ही त्याची स्मृती.

३/ ते यंत्र मानसशास्त्रज्ञ सिडनी प्रेसी यांचे. त्यात एक लहानशी दांडी होती. ती खाली असताना कोणतीही कळ दाबली तरी पुढचा प्रश्न येई. ही झाली परीक्षा. दांडी वर केली, की बरोबर कळ दाबेपर्यंत यंत्र जागचे हलत नसे. हे झाले शिकवणे. बक्षिसासाठी किती अचूक उत्तरे लागतील, तो आकडा तबकडीवर आधीच लावून ठेवता येई. मोजणी हे व्हेरिएबल, गोळी पडणे हा ट्रिगर. दोन्ही निव्वळ दातेरी चाकांवर चालत.

४/ मात्र काळ प्रतिकूल होता. १९२९ नंतरच्या महामंदीत शिक्षकांचे श्रम वाचवणाऱ्या यंत्राची निकड कोणाला भासणार? १९३२ मध्ये प्रेसी यांनी हे काम आपण खेदपूर्वक थांबवत असल्याचे लेख लिहून जाहीर केले.

५/ १९५३ मध्ये हार्वर्डचे बी. एफ. स्किनर आपल्या मुलीच्या गणिताच्या वर्गात जाऊन बसले. सारी मुले एकाच गतीने पुढे ढकलली जात होती आणि आपले उत्तर बरोबर की चूक, हे त्यांना तत्काळ कळत नव्हते. स्किनर यांनी स्वतःचे अध्यापन यंत्र बनवले. त्यात पायऱ्या इतक्या लहान ठेवलेल्या, की विद्यार्थी सहसा चुकूच नये. वाट एकच होती. बदलायची ती केवळ गती.

६/ नॉर्मन क्राउडर यांनी नेमकी उलट भूमिका घेतली. अमेरिकी हवाई दलातील तंत्रज्ञांना इलेक्ट्रॉनिक उपकरणांतील बिघाड शोधायला शिकवण्याचा त्यांना अनुभव होता. त्यांच्या मते चूक टाळायची नसते, तिचे निदान करायचे असते. त्यांच्या पुस्तकांत प्रत्येक पर्यायापुढे पृष्ठक्रमांक असे. चुकीचा पर्याय निवडणारा ज्या पानावर पोहोचे, तेथे त्याच्याच चुकीचे स्पष्टीकरण त्याची वाट पाहत असे.

७/ तरीही या पुस्तकात एक उणीव होती. सापशिडीच्या पटाला जसे सोंगटी याआधी किती वेळा घसरली ते ठाऊक नसते, तसेच या पानांनाही विद्यार्थ्याचा भूतकाळ ठाऊक नसे. पहिल्यांदा चुकणारा आणि पाचव्यांदा चुकणारा एकाच पानावर येत आणि तोच उपदेश वाचत. ट्रिगर होता, स्मृती नव्हती.

८/ ती स्मृती संगणकाने दिली. १९६० मध्ये इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘प्लेटो’ ही प्रणाली उभी केली. पडद्याच्या जागी दूरचित्रवाणी संच आणि मागे निर्वात नलिकांवर चालणारा इलिॲक संगणक. मुख्य स्मृती अवघ्या १,०२४ शब्दांची, म्हणून १९६१ च्या दुसऱ्या आवृत्तीतही एका वेळी दोनच विद्यार्थी बसू शकत.

९/ या कळफलकावरील दोन कळा विशेष लक्षणीय होत्या. ‘हेल्प’ दाबली, की मूळ प्रश्न बाजूला राहून साहाय्यक प्रश्नांची मालिका सुरू होई. मध्येच डोक्यात प्रकाश पडला, तर विद्यार्थी ‘अहा’ ही कळ दाबून थेट मूळ प्रश्नाकडे परते. ‘आता कळले!’ या क्षणालाही अभियंत्यांनी एक ट्रिगर बहाल केला होता.

१०/ खरी क्रांती १९६७ मध्ये झाली. पॉल टेंझार या प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने ‘ट्यूटर’ ही भाषा रचली. तोवर धडा तयार करायचा म्हणजे प्रोग्रॅमरची विद्या हवी. ट्यूटरमुळे विषयाचा शिक्षकच धडा लिहू लागला. बरोबर उत्तर आले तर काय दाखवायचे, अपेक्षित चूक झाली तर काय सांगायचे, ‘हेल्प’ दाबल्यास कोठे न्यायचे, यासाठी सुटसुटीत आज्ञा होत्या.

११/ १९७२ च्या सुमारास आलेल्या प्लेटो-४ मध्ये ट्यूटर प्रत्येक विद्यार्थ्यासाठी १५० व्हेरिएबल राखून ठेवी. विद्यार्थी उठून गेला, की ते जतन होत. परतला, की पुन्हा त्याच्यासमोर हजर. एका प्रश्नावर किती प्रयत्न झाले, याची मोजदाद प्रणाली स्वतःच ठेवी. त्यामुळे शिक्षकाला लिहिता येई : पहिल्या चुकीला सूचना, दुसरीला उदाहरण, तिसरीला मागचा धडा. क्राउडरच्या पुस्तकाला जे जमले नाही, ते येथे साधले.

१२/ याच प्लेटो-४ ला नारिंगी प्रकाशाचा प्लाझ्मा पडदा होता आणि बोटाचा स्पर्श ओळखणारी १६ × १६ चौकटींची अवरक्त किरणांची जाळी होती. पडद्यावर फळमाश्यांचे संकर घडवून पुढच्या पिढीत कोणते गुण उतरतात, हे जीवशास्त्राचे विद्यार्थी तपासत. कोणती माशी निवडली, यावर पुढचा पडदा ठरे. वाचायचा धडा आता करून पाहायचा प्रयोग झाला होता.

१३/ अडसर होता तो खर्चाचा. कंट्रोल डेटा कंपनीने प्लेटो बाजारात आणला. पण महासंगणकावर चालणारे शिक्षण बहुतेक शाळांच्या आवाक्याबाहेर राहिले आणि वैयक्तिक संगणकाने त्याची सद्दी संपवली. कल्पना मात्र टिकल्या. प्लेटोवर काम केलेल्या मायकेल ॲलन यांनी १९८७ मध्ये ‘ऑथरवेअर’ कंपनी स्थापन केली. तिच्या साधनात आज्ञा टंकित करण्याऐवजी चिन्हे एका प्रवाहरेषेवर मांडायची असत. त्याच वर्षी ॲपलचे ‘हायपरकार्ड’ आले.

१४/ २०१२ मध्ये आलेल्या ‘आर्टिक्युलेट स्टोरीलाइन’ने तर ‘ट्रिगर’ आणि ‘व्हेरिएबल’ हेच शब्द पडद्यावर ठेवले. व्हेरिएबलचे मुख्य प्रकार तीन : संख्या, मजकूर आणि खरे-खोटे. ‘चुका तीन झाल्या, तर मदतीचा थर दाखव’ हा नियम आज एकही ओळ कोड न लिहिता बनवता येतो. प्रेसींची तबकडीच, फक्त दातेरी चाके दिसेनाशी झाली.

१५/ स्मृतीची मर्यादाही नव्या रूपात परतली. अभ्यासक्रम आणि शिक्षण व्यवस्थापन प्रणाली यांच्यातील संवादाचे मानक असलेल्या ‘स्कॉर्म १.२’मध्ये (२००१) विद्यार्थ्याची अर्धवट राहिलेली स्थिती जपण्यासाठी ४,०९६ अक्षरांची जागा होती. तेवढ्यात काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हे रचनाकारालाच ठरवावे लागे.

१६/ या शतकभराच्या कथेचे मर्म त्या निवडीत आहे. स्किनरच्या यंत्रात चूक हा टाळण्याचा अपघात होता, क्राउडरच्या पुस्तकात ते निदानाचे लक्षण ठरले आणि ट्यूटरमध्ये तिला इतिहास लाभला. ज्या अभ्यासक्रमात फक्त ‘पुढे’ बटणाचे ट्रिगर मोजले जातात, तेथे विद्यार्थी किती पाने उलटून गेला, एवढेच यंत्राला कळते. तो कोठे अडला, हे त्याला कळावे यासाठी कोणीतरी आधी त्या अडण्याला एक व्हेरिएबल द्यावे लागते.